फाटकाबाहेरची शाल

नागापूरच्या एका वर्कशॉपात कृपादान एकोणतीस वर्षं शाफ्ट तपासत आलाय. त्याच्या टेबलाजवळ बाजूला काढलेल्या मालाची लाल पेटी असते. मापाबद्दल जराशी शंका आली, की तो नग, त्यांच्या भाषेत जॉब, त्या पेटीत जातो. एकदा मालकाच्या देखत त्यानं अख्खी खेप तिथं टाकली होती. मालक दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी मापं खरंच चुकलेली निघाली, तेव्हा त्यानं चहा मागवला. तेव्हापासून कृपादानच्या बोटांवर सगळ्यांचा विश्वास.

त्याची लेक एंजल डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली डॉक्टर होणारी ती पहिलीच. म्हणून त्या रविवारी भक्तीनंतर तिचा सत्कार ठरला होता. कृपादाननं घरोघर जाऊन निरोप दिले होते. शाल लंकाबाई घालणार होत्या. त्या पंच्याहत्तर वर्षांच्या, छातीत दमा. दवाखान्यात आया असताना नुकत्याच जन्मलेल्या एंजलला त्यांनीच दुपट्यात गुंडाळलं होतं.

पाळकसाहेबांची प्रार्थना संपत आली आणि कृपादानचा मोबाईल थरथरला.

"पप्पा, मी फाटकाबाहेर आहे. आत येत नाही."

तो धावतच गेला. एंजल रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी होती, तोंडाला घट्ट मास्क.

"तिथंच थांबा! निघताना बरी होते. बसमध्ये घसा खवखवायला लागला. आमच्या वॉर्डात फ्लूचे सात पेशंट आहेत."

"दोन मिनटाचं काम हाय, बाळ. मास्क हाय की! समदी वाट बघत्यात."

"आमच्या बॅचनं ठरवलंय, नुसता घसा दुखला तरी लपवायचं नाही. पप्पा, शंका आली की तुमचा जॉब कुठं जातो?"

महिनाभर मिरवलेला दिवस कृपादानच्या डोळ्यांपुढून सरकत गेला. मग हळू आवाजात तो म्हणाला, "लाल पेटीत."

आत येऊन त्यानं सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. कुजबुज सुरू झाली. टेम्पोवाला सूर्यभान उठलाच.

"व्वा रं कृपादान! आपल्या आज्याला लोक वरून पानी वाढायचे. आता आपलीच पोरगी शिकली आन् आपल्याला शिवंना व्हय?"

तो घाव सगळ्यांच्याच घरातला होता. कृपादानचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"सूर्यभानदादा, त्यांनी आपल्याला लांब ठिवलं हुतं. माझी पोर सोताला लांब ठिवतीया. आन् ते बी या म्हातारीच्या छातीसाठी."

लंकाबाईंनी काठी आपटली. "मला म्हातारी म्हनू नगंस! चाळीस वर्सं दवाखान्यात काढली म्या. साथीत आजार लपवनारे लई बघितले. उभ्या उभ्या सांगनारी हीच. शाल फाटकावर टाका रं!"

कृपादाननं शाल फाटकाच्या दांडीवर टाकली आणि दहा पावलं मागं सरला. मंडळी अंगणात जमली. एंजल पुढं आली, तिनं शाल उचलली, आपल्याच हातांनी खांद्यावर घेतली आणि लांबूनच लंकाबाईंपुढं वाकली. टाळ्या अशा वाजल्या, की समोरच्या गॅरेजातली माणसंही बाहेर आली.

"जाणार कशी?" पाळकसाहेबांनी विचारलं. "पुन्हा बस नको."

सूर्यभान मान खाली घालून किल्ली चाचपत होता. "माझा टेम्पो उघडाच हाय. मागं बस, डॉक्टरीणबाई. केबिनची काच लावतो, सावकाश नेतो."

तर अशी निघाली एंजल. मोकळ्या हौद्यात एकटी, अंगावर शाल, हात उंचावलेला. लोक फाटकापर्यंत चालत गेले. तिनं आधीच फोन केल्यामुळं हॉस्टेलवर तिच्यासाठी वेगळी खोली तयार होती.

मंगळवारी रिपोर्ट आला. फ्लूच होता. पोरगी आठवड्यात हिंडूफिरू लागली, आणि मंडळीत कुणाला साधी शिंकही आली नाही.

वर्कशॉपात कुणी सत्काराचं विचारलं, तर कृपादान हातातला शाफ्ट खाली ठेवतो, आधी हात पुसतो. मग सांगतो, "शाल तिनं सोताच्या हातानं घेतली. मी दहा पावलांवर हुतो. तिथनं लई झ्याक दिसत हुती."