सुमनबाईंनी दिलेली जागा

सुमनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नसरापूरच्या शाळेत. भूगोलाच्या तासाला त्यांनी प्रत्येकाला आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. मी विचारलं, "बाई, म्या कुठलं गाव काढू? आमचं तर भाटघरच्या पान्याखाली हाय." वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर त्या स्वतः तिथं आल्या आणि पुढं दर उन्हाळ्यात येत राहिल्या. देवळाचं जोतं, पाणवठा, शिवेचे दगड सारं त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून नकाशावर आणलं. बुडालेल्या नदीकाठाचा जो काही इतिहास आज हाती आहे, तो बाईंच्या या पायपिटीमुळे.

गोड बोलणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. एका समारंभात पाहुणे आमच्या वाडवडिलांच्या त्यागाचे गोडवे गाऊ लागले, तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "त्याग माणूस आपणहून करतो. यांच्याकडून काढून घेतलं, तसं म्हणा." पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

माझे वडील भर पावसाळ्यात गेले. गाव बुडाल्यापासून आम्ही दुसऱ्याच गावाच्या शिवेत राहतो. आमचं स्मशान पाण्याखाली; उन्हाळ्यात उघडं पडलं तर तिथं जाळायचं, एरवी या गावाच्या मेहरबानीवर. त्या दिवशी तिथल्या लोकांनी तिरडी वाटेतच अडवली. "हितं जाळायचं न्हाई. ही तुमची शीव न्हाई." खांद्यावर बाप घेऊन आम्ही चिखलात उभे. बाईंना कळलं, त्या आल्या. वाद घातला नाही, "माझ्या वावरात चला," एवढंच म्हणाल्या. नदीकाठच्या त्यांच्या जमिनीत मी वडिलांना अग्नी दिला. बायकांनी स्मशानात यायचं नाही ही रीत बाजूला ठेवून बाई चिता विझेपर्यंत थांबल्या. तेव्हापासून आमच्या वस्तीतलं प्रत्येक माणूस तिथंच जातं. हे उपकार फिटणारे नाहीत.

आता त्या वावराभोवती फार्महाऊस उभी राहिली आहेत. त्यांना धूर नको आहे आणि जमिनीला भाव आला आहे. जागा आमच्या गावाला देऊन टाकावी म्हणून बाईंनी तालुक्याला किती खेटे घातले! पण कागदावर आमचं गावच नाही, मग जागा करायची कुणाच्या नावावर? त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी मला स्टँडवर तोंडावर सांगितलं, "आई हाय तवर जाळा. फुडचं फुडं बगू."

बाईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. त्यांनी शंभरी गाठावी, हिंडतंफिरतं राहावं, असं मी मनापासून मागतो. यात आमचा स्वार्थ आहे, तो कशाला लपवू? माझी आई अंथरुणाला खिळली आहे. परवा बाई तिला भेटायला आल्या, तेव्हा आईनं त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बाई, माज्या आदी तुमी जाऊ नगा."