डोंगर खोटा, गाय खरी

आमच्या आत्याने रंगवली तशी गाय या पंचक्रोशीत कुणी रंगवली नाही. ती माझी आत्या आहे म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या कुणी रंगवलीच नाही.

दूधवाले, पेंडवाले तिच्याकडून दुकानाच्या पाट्या करून घेत. फळीवर ती आधी देखावा उभा करी, आणि त्यात बिनदिक्कत खोटं बोले. विटांचा ढीग असे तिथे नदी सोडी, नदीमागे निळा डोंगर. जनावर मात्र गोठ्यात समोर बसून, माशा वारत काढी. जवसाच्या तेलातला रंग सावकाश वाळतो. आत्यालाही घाई नसे.

घाई वडिलांना होती. त्यांनी आत्याची म्हातारी गाय विकायला काढली. नवऱ्याचं घर सोडून आत्या भावाकडे परतली, तेव्हा तिच्यासोबत आलेलं हे एकच जितराब.

"अगं, तिचं चित्र काढून ठेव," वडील म्हणाले. "ते चारा मागत नाही."

आत्या रंग कालवायला बसली.

गाय व्याली की दर वेताला तिच्या शिंगावर एक कडं उमटतं, हे जनावरं पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. चित्र पुरं होताच वडिलांनी कानशीने शिंगं घासून गुळगुळीत केली, वर तेल चोळलं. मग ओली फळी स्वतः उचलून अंगणात उन्हाला लावली. बहिणीवर माया होतीच त्यांची.

व्यापारी आला. कास चाचपली, शिंगांवरून अंगठा फिरवला.

"चौथं वेत," वडील म्हणाले.

"थकल्यासारखी दिसते."

"स्वभाव आहे तिचा."

व्यापारी वळला नि फळीपुढे थबकला. "ही तीच का?"

"तीच! हुबेहूब! बहिणीने काढलीय."

व्यापारी चित्रातल्या शिंगावर बोट टेकत टेकत वर गेला. "नऊ," म्हणाला, आणि बोटाचा रंग फाटकाला पुसून चालता झाला.

वडील फळीपाशी आले. "नदी खोटी, डोंगर खोटा. शिंगंच तेवढी खरी काढायची होती?"

"डोंगर कुणी विकायला काढला नव्हता, दादा."

वडील गोठ्यात गेले. चारा टाकला. घासलेल्या शिंगावर हात ठेवून हळूच म्हणाले, "फार दुखलं का गं?"

गाय खात होती.