डबीतल्या उरलेल्या तीन गोळ्या

मंजिरी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच गाडीत बसून होते. वर जायचा धीर होत नव्हता. "शुभाताई, गेली ती," तिचा नवरा संदीप एवढंच म्हणाला... याला आज सहा आठवडे झाले. अमेरिकेतल्या या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी मंडळात अजून सगळे विचारतात, अशी एकाएकी कशी गेली? एकाएकी काही नाही. वर्षभर ती आमच्या डोळ्यांदेखत झिजत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

नागपूरची ही पोरगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारीच राहायची, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायची. फेब्रुवारीत, दारात गुडघाभर बर्फ असताना, अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात खिडकी उघडून बसायची. दोन माणसांचं जेवायची, तरी ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. "यार, कुठलं डाएट करतेस, सांग ना," बायका विचारायच्या. डोळे मोठे दिसायला लागले, तर मीच म्हटलं, काजळ छान बसलंय गं. हातातला कप बशीवर वाजायचा. छातीत धडधडतं म्हणायची, लेक इराच्या अंगावर उगाच खेकसायची आणि मग रडायची. मी म्हणायचे, कॉफी कमी कर.

शेवटी तिने रक्त तपासलं. क्लिनिकचा मेसेज आला, थायरॉइडमध्ये गडबड आहे, स्पेशालिस्टला भेटा. अपॉइंटमेंट मिळाली ती सात आठवड्यांनंतरची. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली. टीएसएचच्या आकड्यापुढे 'लो' लिहिलेलं. मी बारा वर्षांची थायरॉइडची पेशंट, मला कोण शिकवणार? "अगं, थायरॉइड कमी आहे तुझं, माझ्यासारखंच. तोवर माझ्या गोळ्या घे." पुण्याहून येताना मी वर्षाचा साठा बॅगेत भरून आणते. इथे आपण सगळेच आणतो, आणि साखर मागावी तशा एकमेकींकडे गोळ्याही मागतो. "ताई, आधी डॉक्टरला विचारू का?" ती म्हणाली. "विचारायला तो भेटतोय कुठे?" असं म्हणून मी माझी सात वारांच्या कप्प्यांची जुनी डबी भरून दिली, वर ती रिकामी झाली की पुन्हा भरायला दोन स्ट्रिपा.

आता कळतं. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम. ग्रंथी आधीच बेफाम चालली असेल तर मेंदू हुकूम सोडायचंच थांबवतो, म्हणून तो आकडा कमी. तिच्या शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीला हाकत सुटली होती, आणि वरून मी तेच हार्मोन तिला गोळीतून देत होते. उपाय होते हो... ग्रंथीला आवर घालणाऱ्या गोळ्या, धडधड कमी करणाऱ्या गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन, नाहीतर ऑपरेशन. बहुतेक माणसं यातून नीट होतात.

तीन आठवड्यांनी तिला फ्लू झाला. ताप चढत गेला, छातीतली धडधड थांबायला तयार नव्हती, ती असंबद्ध बोलायला लागली. आयसीयूतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी कुठली औषधं घेत होती? संदीप नाही म्हणाला. मी पुढे होऊन सांगितलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, आजार फार वाढला होता, तुमच्या गोळ्यांशिवायही कदाचित हेच झालं असतं. त्या 'कदाचित'ला धरून मी बसले आहे, आणि ते मला पुरत नाही.

गेल्या रविवारी इरा, मी त्यांच्याकडे जेवण पाठवलेले डबे परत द्यायला आली. चौदा वर्षांची आहे. "मावशी, धिस इज युअर्स टू," म्हणत तिने पिशवीतून ती गोळ्यांची डबी काढली. मग खाली बघत विचारलं, "वॉज इट द पिल्स?" मला खोटं बोलवेना. "त्यांनीही झालं, बाळा. मीच दिल्या होत्या." ती "ओके" म्हणाली आणि गेली.

माझी गोळी मला रोज सकाळी घ्यावीच लागते. ती डबी समोर ओट्यावर आहे. रविवार ते बुधवारचे कप्पे रिकामे. गुरुवार, शुक्रवार, शनिवारचे भरलेले. अंगात ताप असतानाही, बुधवारपर्यंत, तिने माझं ऐकलं होतं.