साडेचार ग्रॅमचं नाणं

कष्टकऱ्याच्या हाती दुर्मिळ वस्तू दिसली, तर ती त्याला सापडली असेल असं तुम्हाला आधी वाटतं, की त्याने काहीतरी लबाडी केली असेल असं? खरं सांगा.

माझा मामा नगरच्या एमआयडीसीत लेथ चालवतो. टपरीवर चहाचे सुट्टे घेताना पाच रुपयांचं एक नाणं त्याच्या बोटांना पातळ लागलं. दिवसभर केसाएवढा फरक पकडणारी बोटं ती. त्याने ते सोनाराकडे तोललं. भरायला हवं सहा ग्रॅम, भरलं साडेचार. पण वर्कशॉपमध्ये आल्यावर सवयीने त्याने नाणं पॉलिशच्या चाकावर धरलं. एक बाजू आरशासारखी चकाकली आणि लाईट गेली. दुसरी बाजू राहून गेली.

त्याच आठवड्यात शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. नाणं दुर्मिळ असेल म्हणून मामा ते दाखवायला इस्त्रीचा शर्ट घालून गेला, सोबत मी. तिथे नाणी पारखणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चकाकती बाजू पाहिली, मामाला धंदा विचारला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेथ चालवता ना? मग घासायला कितीसा वेळ लागतो?"

रांगेतले लोक हसले. मामाने नाणं खिशात टाकलं. कारखान्यातला पितळेचा कीसही ज्याने कधी घरी आणला नाही, तो भर गर्दीत भामटा ठरला. दुसऱ्या दिवशी तो टपरीवर चहालाही गेला नाही.

माझे वडील चळवळीतले; मी त्यांच्या पत्रकांवर वाढले. शाळेत असल्यापासून चौकात उभी राहून ती वाटली. आरोप झाला की मान खाली घालायची नाही, पुरावा मागायचा, एवढं त्यांतून शिकले. मी मामाला म्हटलं, या माणसाविरुद्ध पत्रक काढते.

"पत्रक ऱ्हाऊ दे पोरी," तो म्हणाला. "व्हर्नियर आन."

आम्ही तीन नाणी मांडून व्हर्नियरच्या मापपट्टीने त्यांचा घेर आणि जाडी मोजली. एक रोजच्या वापरातलं, एक आमचं, आणि तिसरं शेजारच्या बॅटरीवाल्याचं. ते त्याच्याकडे अ‍ॅसिडच्या डब्यात पडून राहिलं होतं. तेही हलकं भरलं. पण त्याचा घेर कमी झाला होता, कडेच्या रेघा गेल्या होत्या, अक्षरं विरघळलेल्या साबणासारखी दिसत होती. आमच्या नाण्याचा घेर पूर्ण होता आणि रेघा बोटाला टोचत होत्या. जाडी तेवढी पाऊणपट, वजनही पाऊणपट. एकदोन अक्षरं जराशी दबकी उठली होती, कारण ठशाला भरायला धातूच कमी पडला होता. म्हणजे ठसा बसण्याआधीच ती चकती पातळ होती. टाकसाळीतच पातळ पत्रा लागला होता.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी मामाला ओढतच नेलं. त्याने पारख्यासमोर तिन्ही नाणी ठेवली, शेजारी व्हर्नियर ठेवला. ते पुन्हा घासण्याचंच बोलू लागले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाला, "घासलं असतं तर आधी सिंह गेला असता, साहेब. सिंह तर जागेवर हाय."

त्यांनी मोजलं. मग नाणं उलटवून पॉलिश न झालेली बाजू भिंगाखाली धरली. टाकसाळीतून आलेली मूळची झळाळी तिथे शाबूत होती. बराच वेळ पाहून ते मामाकडे वाकले आणि हळूच म्हणाले की नाणं खरं दिसतंय.

"परवा मोठ्यानं बोल्ला व्हता," मामा म्हणाला. "आजबी तेवढ्याच आवाजात बोला."

ते उठून उभे राहिले. "हे नाणं अस्सल आहे. चूक टाकसाळीची आहे, यांची नाही." लगेच पुढे जोडलं, की पॉलिश केल्यामुळे मात्र किंमत पडली.

"ती चूक माझी," मामा म्हणाला. "तीबी अस्सल."

आता लोक हसले ते त्याच्या बाजूने. बाहेर पडल्यावर त्याने दोन चहा सांगितले आणि टपरीवाल्याला सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकवली.

तुमच्याकडे एकच मागते. तुमच्या देखत कुणावर असा आळ आला, तर घरी जाऊन हळहळू नका. तिथेच, त्याच गर्दीत, मोठ्याने विचारा: मोजलं का?