आर्लेटाने घर सोडलं नाही

आर्लेटा प्रुइटला गाव खडूस म्हणतं. म्हणू दे, मी तिच्याच बाजूची. आमच्या बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्यांना स्वस्तात घर मिळतं. पेन्शनचा तिसरा हिस्सा आपण भरायचा, बाकीचं भाडं सरकार भरतं. लिफ्ट नाही. तळमजल्यावर रुंद दाराचं, वॉकर आत नेता येईल असं घर एकच, आणि ते आर्लेटाचं. मी तिच्या बरोब्बर वर राहते.

ते घर कधी रिकामं होतंय म्हणून ड्वेन स्कॉगिन टपून बसला होता.

हा ड्वेन एके काळी अर्ध्या गावाचा घरमालक. आर्लेटाचा नवरा हार्लन अंथरुणाला खिळला, भाडं थकलं, तर ऐन जानेवारीत ह्याने शेरीफची माणसं आणून त्यांचं सामान बर्फात काढलं. हार्लनला खुर्चीसकट. वर तोंड करून म्हणतो कसा, "मी काय धर्मशाळा उघडलीय?" हार्लन त्याच हिवाळ्यात गेला. ह्या ड्वेन मेल्याने साधी फुलंसुद्धा पाठवली नाहीत.

देवाच्या काठीला आवाज नसतो. ड्वेनच्या पोरांनी गोड बोलून सह्या घेतल्या, घरं विकली आणि बापाला गॅरेजमागच्या खोलीत टाकलं. पायऱ्या चढता येईनात. आमच्या बिल्डिंगमधल्या घरासाठीच्या रांगेत पहिला नंबर त्याचा, आणि चालण्यासारखं घर तेवढं एकच.

आर्लेटाची मुलगी शेरिल ॲरिझोनात. दर रविवारी फोन: "आई, ये ना गं इकडे. खोली रिकामी पडलीय. नात विचारते सारखी." आर्लेटाचे गुडघे थंडीत तिला रडवायचे. तरी उत्तर एकच, "तो जिवंत आहे तोवर नाही."

एकदा ड्वेन स्वतःच आला. आम्ही दोघी लॉबीत पत्ते खेळत होतो. त्याने टोपी काढली.

"आर्लेटाबाई, तुम्ही मुलीकडे जाणार असं ऐकलं."

"कोणी उठवली ही आवई?"

"गॅरेजमध्ये फार गारठा असतो हो. झोप लागत नाही."

"हो का? हार्लनलाही लागत नव्हती. बर्निस, तुझी उतारी."

काय सांगू, काळजाला असा थंडावा मिळाला माझ्या! तो गेल्यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

नात पुढे पुढे विचारेनाशी झाली.

यंदा ड्वेन गॅरेजच्या दारात घसरला, तो उठलाच नाही. अंत्यविधीला आर्लेटा लाल कोट घालून गेली. नंतर चर्चमधल्या जेवणात चीज घालून भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल तिने दोनदा वाढून घेतलं आणि त्याच्या सुनेला म्हणाली, "झकास झालंय गं!"

घरी येऊन कोटही न काढता तिने शेरिलला फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"गेला गं एकदाचा! खोली झाडून ठेव, येतेय मी."

शेरिल म्हणाली, "आई, खोली भाड्याने दिलीय. घराचे हप्ते झेपेनात मला. तुला विचारलं होतं, तूच म्हणालीस देऊन टाक."

"मग सांग त्याला, माझी आई येतेय."

"म्हातारा आहे गं. आजारी असतो, एकटाच आहे. त्याला कसं बाहेर काढू? तू सांगत असशील तर काढते."

आर्लेटाने माझ्याकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने मला विचारलं, "ड्वेनला नाही ना मिळालं हे घर?"

"नाही मिळालं," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कोट घालून तशीच बसून राहिली.