दाजींची रेघ

काळ एकाच दिशेनं जातो, ही साधी गोष्ट आमच्या दाजींना आजवर कुणी समजावून सांगितलेली नाही. कुणी सांगायला गेलंच असतं, तर त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून दाजींनी "पुढं घे" म्हटलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर त्यांची एक खोली आहे. तिला ते स्टुडिओ म्हणतात आणि आमची अक्का भट्टी म्हणते. त्या खोलीत बसून दाजी गेली कित्येक वर्षं लोकांच्या लग्नाची शूटिंग कापतात, जोडतात, त्यांच्यावर सनई चढवतात आणि पार्ट्या चार वेळा जिना चढून दमल्या की मग फिल्म देतात. कोल्हापुरात ज्याचं लग्न झालं आणि ज्याला आपण पडद्यावर मागंपुढं पळवलं नाही असा माणूस दाखवा, असं त्यांचं आव्हान असतं. नम्रपणा हा दाजींचा विषय शाळेपासूनच कच्चा आहे.

त्यांच्या पडद्याच्या खालच्या अंगाला एक आडवी लांबलचक पट्टी असते. तिला टाइमलाइन म्हणतात, हे त्यांनी मला माझ्या बुद्धीची कीव करत सांगितलं होतं, कारण मी पडले शाळेतली मास्तरीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं लग्न त्या पट्टीवर तुकड्यातुकड्यांनी वाळत घातलेलं असतं, आणि तिच्यावरून एक उभी रेघ फिरते. रेघ जिथं उभी, तिथलं चित्र वर दिसतं. दाजींचा उजवा हात माउसवर, डावा हात कीबोर्डच्या तीन बटणांवर. एक मागं, एक थांब, एक पुढं. त्या तीन बटणांवरची अक्षरं पार झिजून गेली आहेत आणि बाकीची सगळी नवी कोरी आहेत. रेघ हातात आली की हा माणूस राजा. मंगलाष्टकं चालू असताना मागं घेतलं की लोकांच्या डोक्यावरच्या अक्षता उडून परत ज्याच्या त्याच्या मुठीत जातात, जिलबी तोंडातून निघून सबंध होऊन ताटात बसते, आणि रडणारी नवरी गाडीतून उतरून उलट्या पावली मांडवात येते. आल्यागेल्याला हे दाखवून दाजी इतके खूश होतात की जणू ती जिलबी त्यांनीच परत मिळवून दिली.

एवढ्यावर भागलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण रेघ जिना उतरून घरापर्यंत आली. अक्का गॅसच्या टाकीवाल्याशी झालेलं भांडण रंगवून सांगायला लागली की दाजी ताटावरून मान वर न करता म्हणतात, "पुढं घे." आणि भाजीत मीठ का नाही हे त्यांना कळलं नाही की, "जरा मागं घे." एकदा आम्ही सगळे एका ओळखीच्या घरी दुखवट्याला गेलो होतो. थोरला मुलगा बिचारा सांगत होता, वडिलांनी सकाळी चहा घेतला, मग म्हणाले छातीत कसंतरी होतंय, मग आम्ही रिक्षा बघायला गेलो. दाजी मान डोलावत होते. रिक्षा मिळेना तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवर वळवळायला लागला हे मी बघितलं, आणि मनात म्हटलं, अंबाबाई, आज लाज राख. तिनं राखली नाही. "पुढं घ्या की," दाजी म्हणाले. अक्कानं त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की तो डाग पुढं बरेच दिवस राहिला. त्या घरी आम्हाला बाराव्याचं आमंत्रण आलं नाही.

फुटबॉलचं तर विचारूच नका. पेठेत राहून फुटबॉल बघायचा नाही म्हणजे गावातून उठायची वेळ, म्हणून तेही जातात. एकदा पेठेच्या संघानं गोल मारला त्या क्षणी दाजी खाली वाकून चिरमुऱ्यांची पुडी सोडत होते. सगळं मैदान उठून नाचायला लागलं. हे शांतपणे बसून राहिले, मैदानाकडे बघत, वाट बघत. शेजारच्यानं विचारलं, काय पावणं, काय झालं? तर म्हणाले, परत दाखवत्यात न्हवं? त्या शेजाऱ्यानं दुसऱ्या सामन्याला जागा बदलली. त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही.

आणखी एक वैताग म्हणजे यांच्याबरोबर महाद्वार रोडला खरेदीला जाणं. लोकांची लग्नं सावकाश सावकाश बघून दाजींना सगळ्या गावाची नको ती माहिती झालेली आहे. समोरून चांगला पोक्त, कपाळाला गंध लावलेला माणूस येतो. त्यानं यांना जन्मात बघितलेलं नसतं. हे त्याला थांबवतात आणि सांगतात की तुमचं सासरं मंगलाष्टकात जांभई द्यायलतं, ती मीच कापली. एका बाईंना तर भर दुकानात विचारलं, तुमची आत्या हळदीला रुसली ती पंगतीपर्यंत रुसलेलीच हाय, मिटलं का न्हाय पुढं? ते मिटलेलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आम्ही साडी न घेता परतलो.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांचे दोन नियम होते आणि ते देवाच्या आज्ञेसारखे पाळले जात. पहिला नियम, हललेला शॉट ठेवायचा नाही. दुसरा, लग्नातला खरा आवाज म्हणजे कचरा. जनरेटर, वाढप्यांची ओरड आणि कुणाचं तरी किरकिरं पोर, यापलीकडं त्यात काही नसतं असं त्यांचं मत. त्यामुळं शूटिंग हातात आलं की पहिल्याप्रथम ते सगळ्या पट्टीचा आवाज बंद करून टाकायचे आणि मग वरून गाणी घालायचे. दाजींच्या फिल्ममध्ये माणसं तोंड हलवतात आणि सनई ऐकू येते. निम्म्या गावानं आपल्या लग्नात आपण काय बोललो ते कधी ऐकलेलंच नाही. पुष्कळ संसार त्यामुळंच टिकले असतील म्हणा.

आणि मग माझ्या भाचीचं लग्न ठरलं. दाजींची एकुलती एक लेक. सासर आजऱ्याचं, काजूचा कारखाना, माणसं सालस. अक्कानं अंबाबाईची शपथ घालून दाजींकडून कबूल करून घेतलं की त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कॅमेरा एका ओळखीच्या माणसाकडं दिला. दाजी फेटा बांधून, उपरणं घेऊन, हातात कॅमेरा नाही म्हणून हात कुठं ठेवावेत ते न कळून हिंडत होते. अंतरपाट झाला, अक्षता झाल्या, तोवर शपथ टिकली. कन्यादानाला अक्काशेजारी पाटावर बसले, हातावर पाणी पडलं, आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की कॅमेरावाला खिडकीकडं तोंड करून उभा आहे. म्हणजे नवरानवरी दोघंही काळी येणार. दाजींनी भुवई उडवली, मान हलवली, ओठांनी "पाठीला उजेड घे" असं म्हटलं. तो कॅमेरावाला त्यांना नमस्कार करून हसला. भटजींनी पुढचा मंत्र म्हणून वर बघितलं तर यजमान गायब. ओल्या हातानं उठून, कॅमेरा काढून घेऊन, दाजी बरोबर उजेड पाठीला घेऊन उभे होते. भटजी कुणासाठी थांबत नाहीत. थोरल्या चुलत्यांना पाटावर बसवून पुढचे विधी उरकले. त्या वेळी अक्काचा चेहरा कसा झाला होता त्याचा जवळून घेतलेला शॉट आहे. दाजींनीच घेतला. उजेड फार सुंदर आलाय.

आम्ही हसण्यावारी नेलं, कारण दाजींचं आम्ही सगळंच हसण्यावारी नेतो. पण भाचीनं नेलं नाही. फोटो हातात आले तेव्हा कन्यादानाच्या प्रत्येक फोटोत आईशेजारी मोठे काका होते. तिनं मला फोन केला. "मावशी, माझ्या लग्नात पप्पा मला दिसलेच नाहीत गं. त्यांना माझ्यापेक्षा उजेड मोठा वाटला." मी समजूत घालायला गेले, पण काय समजूत घालणार, पोरगी खरंच बोलत होती. त्यानंतर ती फोन करायची तो आईला. दाजींनी उचलला तर एवढंच म्हणायची, आईकडं द्या. दाजी फोन अक्काकडं देऊन हात पुसल्यासारखे करत आणि भट्टीकडं निघून जात. फिल्मबद्दल विचारलं की मशीन हळू चालतंय म्हणत. लोकांच्या फिल्म जात होत्या, लेकीचीच तेवढी होत नव्हती. लेकी माहेरी येतात ती नागपंचमी जवळ आली तसा आजऱ्याहून निरोप आला की फिल्मची घाई नाही, आणि पंचमीला येणं जमेल असं वाटत नाही. अक्का त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कानं माझ्या हातात दाजींचा डबा दिला आणि म्हणाली, वर जाऊन बघ हा माणूस काय करतोय ते, मी गेले तर भांडण होईल. मी जिना चढले ती चांगली चार शब्द सुनवायच्या तयारीनं. दाजींनी मला बघून पडदा झाकला नाही. पट्टीवर त्यांनी बारीक बारीक तुकडे वेगळे काढून एका ओळीत लावले होते. एकात फेट्याचा तुरा. एकात भिंतीवरची सावली. एकात अक्काशेजारी पाटावर, उजेडाविरुद्ध काळीठिक्कर पडलेली आकृती. एकात नुसतं बोट, "तिकडं सरका" असं सांगणारं. सगळ्या लग्नात रेघ मागंपुढं फिरवून या माणसानं स्वतःला शोधून काढलं होतं, आणि सापडलं होतं ते एवढंच.

"हाय की मी," दाजी म्हणाले. "हे बघ. हे कोपार माझंच हाय."

"पोरीला बाप म्हणून कोपर दाखवणार काय?" मी म्हटलं. त्यांनी रेघ पाठवणीवर नेली. ती त्यांनी स्वतः घेतलेली होती. मागचं बटण दाबलं. आजऱ्याच्या रस्त्याला लागलेली गाडी मागं मागं येत फाटकात शिरली, दार उघडलं, माझी भाची उतरली आणि उलट्या पावली चालत, आईच्या मिठीतून सुटत, कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. तिथं दाजींनी थांबवलं. "हितपतूर बरं वाटतंय," ते म्हणाले. मी डबा टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसले.

मग त्यांनी सरळ चालवलं. भाची आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, गाडीकडं निघाली. दाराशी थांबून तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि रडता रडता हसली. त्यानंतर सगळं चित्रच थरथरलं. दाजी म्हणाले, हा कापायचा हाय, हात हलला माझा, आणि रडण्यात ही मधीच हसल्याली, बघणाऱ्याला काय कळणार? मी विचारलं, का हसली ती? म्हणाले, कुणास ठावं. मी म्हटलं, मग आवाज लावा की. ते म्हणाले, अगं मास्तरीण, त्यात जनरेटर हाय नुसता. मी म्हटलं, असू दे, मला जनरेटर ऐकायचाय.

जनरेटर होताच. अक्काचा हुंदका होता, बँडवाल्यांची झटापट होती. आणि या सगळ्याच्या पुढं, अगदी कानाशी, दाजींचा आवाज होता. त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही इतका हळू. "बाळ, चप्पल चावतीया व्हय? गाडीत बसलीस की काढून टाक. कोण काय म्हणत न्हाय." भाचीनं कॅमेऱ्यात बघितलं, मान हलवली, आणि हसली. मग चित्र थरथरलं, आणि ते का थरथरलं तेही ऐकू आलं.

"मी बोललो हे?" दाजी म्हणाले. त्यांना आठवतच नव्हतं. सकाळपासून पोरगी लंगडत पाय टाकतेय हे भरल्या कार्यालयात आई धरून आम्हा एकाही बाईला दिसलं नव्हतं, आणि मला तर त्याची फार लाज वाटली. दाजींचा हात माउसवरून निघून मांडीवर आला होता. गाडी फाटकाबाहेर गेली. तरी चित्र चालूच होतं. नुसता रस्ता, एक कुत्रं, पातेली उचलून नेणारे वाढपी. गाडी गेल्यावरही हा माणूस किती तरी वेळ तो रिकामा रस्ता घेत उभा राहिला होता. दाजींनी ते सगळं आहे त्या चालीनं बघितलं, मागं घेतलं नाही, पुढं घेतलं नाही. मी तोंडाला पदर लावून रडले, आणि डब्यातली आमटी गार झाली.

फिल्म आजऱ्याला गेली. पाठवणीपर्यंत सनई आहे, गाणी आहेत, दाजींचे सगळे थाट आहेत. पाठवणीला गाणं थांबतं आणि जनरेटर सुरू होतो. सासरकडच्या कुणीतरी कळवलंही म्हणे की शेवटी शेवटी आवाज बिघडलाय, तेवढा दुरुस्त करून द्या.

त्या रविवारी मी अक्काकडं होते. फोन वाजला, दाजींनी उचलला, आणि सवयीप्रमाणं अक्काकडं द्यायला हात पुढं केला. तेवढ्यात फोनमधून "आईकडं नको, तुम्हीच बोला पप्पा" असं ऐकू आलं. त्यांनी हात मागं घेतला आणि खाली बसले. फोनचा आवाज मोठा असल्यानं आम्हालाही ऐकू येत होतं. चप्पल गाडीत काढल्याचं भाचीला आठवत होतं, पण त्या रडारडीत ते कुणी सांगितलं ते ध्यानात राहिलं नव्हतं, आणि आईनंच सांगितलं असेल असं ती फिल्म बघेपर्यंत धरून चालली होती. मग ती इकडचंतिकडचं सांगायला लागली. सासूबाईंनी काजूची उसळ कशी शिकवली, शेजारची म्हैस कशी परड्यात शिरली, कारखान्यात कोण कुणाशी भांडलं. बापाची लेक असूनही बोलण्याची चाल आईची, त्यामुळं म्हैस बाहेर काढायलाच फार वेळ लागला. मी आणि अक्का एकमेकींकडं बघत, आता "पुढं घे" येईल, मग येईल म्हणून वाट बघत होतो. दाजींचा डावा हात मांडीवर होता. तो हलला नाही. शेवटी ती म्हणाली की पंचमीला सकाळच्या एसटीनं निघते, आणि आता ठेवते.

दाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाळ, ठेवू नको," ते म्हणाले. "जरा मागं घे. त्या काजूच्या उसळीपासनं."