भाऊजींच्या अवघड भाषा

माझे धाकटे दीर मृत्युंजय शिरोलीच्या एका कारखान्यात मशिनचे प्रोग्रॅम लिहितात. लोखंडाचा तुकडा कुठून किती कापायचा, भोक कुठं पाडायचं, हे मशिनला आकड्यांत सांगायचं, एवढं त्यांचं काम. पगार बरा, नोकरी पक्की, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत विचाराल तर कुणीही सांगेल, पोरगं सोन्यासारखं, फक्त जरा सटकलेलं.

कारखान्यातून घरी आल्यावर माणूस काय करतो? टीव्ही बघतो, सामना असला तर फुटबॉल बघायला जातो, बायको असली तर तिचं ऐकून घेतो. आमचे भाऊजी हातपाय धुतात, लॅपटॉप उघडतात आणि मुद्दाम अवघड करून ठेवलेल्या भाषांत प्रोग्रॅम लिहीत बसतात. मुद्दाम हा शब्द माझा नाही, त्यांचाच. जगात अशी काही रिकामटेकडी हुशार माणसं आहेत म्हणे, जी कॉम्प्युटरसाठी भाषा बनवतात ती कुणाला सुखानं वापरता येऊ नये म्हणूनच. एका भाषेत सगळ्या मिळून आठच खुणा. त्यात साधं 'व्हय' उमटवायचं तर पानभर ठिपके, कंस आणि अधिक-उण्याची चिन्हं घालावी लागतात. दुसरीत डोळ्यांना दिसणारं काही चालतच नाही, नुसत्या मोकळ्या जागा आणि नव्या ओळी. तिसरीतली प्रत्येक आज्ञा एकदा पाळली की स्वतःच बदलून जाते. तिच्यात पहिला चालणारा प्रोग्रॅम यायला दोन वर्षं गेली, आणि तोही कुणा माणसाला लिहिता आला नाही, कॉम्प्युटरलाच हुडकायला लावला. हे मला भाऊजींनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला वाटलं यांना बढती मिळाली.

मी शिरोळची. आमच्याकडं कृष्णा दारात आली की आधी काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे पोराबाळांनासुद्धा पाठ असतं. उपयोगाचं काय आणि बिनउपयोगाचं काय, यात माझा कधी गोंधळ होत नाही. म्हणून लग्न होऊन या घरात आले आणि चार दिवसांत विचारलं, "भाऊजी, ह्याचा उपयोग काय?"

"समोरच्या तालमीत पोरं रोज जोर मारत्यात. त्यानं कुणाचं रान नांगरून हुतंय का, वैनी?"

"अंगात ताकद तरी येते की."

"मग झालं की," म्हणाले, आणि पुन्हा ठिपके टाकायला लागले.

या नादापायी एक चांगलं स्थळ हातचं गेलं. चंदगडकडची मुलगी, शिकलेली, घरी काजूचा धंदा. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "पावणं, मोकळ्या येळंत काय करता?" यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्या मोकळ्या जागांच्या भाषेतला आपला सगळ्यात मोठा प्रोग्रॅम त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "हे तर कोरं हाय की." भाऊजी खुशीत म्हणाले, "व्हय, पर चालतंय!" परतीच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

माझे सासरे, सोमशेखरमामा, मूळचे गडहिंग्लजचे, मिरचीचे व्यापारी. दुकान आता माझे मालक रामलिंग बघतात. मामा घरात कानडी बोलायचे, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. आयुष्यात त्यांनी कुठल्याच वस्तूला पहिला भाव दिला नाही आणि घेतला नाही. मेथीच्या जुडीसाठीसुद्धा दोनदा उठून चालायला लागायचे. धाकट्या लेकाच्या उद्योगावर त्यांचं मत ठरलेलं होतं. "माल तिखट असंल, पर गिऱ्हाईक कोण त्येला?" एवढं बोलून ते पेपरात डोकं घालायचे. बापलेकांचं बोलणं साधारण इतकंच.

गेल्या श्रावणात मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. जो माणूस अख्खा बाजार तोंडावर खेळवायचा, त्याच्याजवळ एकच शब्द उरला, 'न्हाय'. पाणी पाहिजे का विचारलं तर न्हाय म्हणायचे आणि भांड्याकडं हात करायचे. पंखा लावू का, न्हाय. बंद करू का, न्हाय. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना तुमचं पुष्कळसं कळतंय, पण बोलायला जावं तर शब्द सापडत नाहीत, आणि जो एक सापडतो तोच बाहेर पडतो. हळूहळू फरक पडेल. वाट बघायची.

वाट बघायला आमची ना नव्हती. पण मामांनी खाणं सोडलं. गिळायला त्रास नव्हता, ते डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. चमचा पुढं गेला की ओठ मिटायचे, मान भिंतीकडं वळायची, आणि न्हाय. मी काय करून घातलं नाही? ताकातल्या कण्या केल्या, दुधात भाकरी कुस्करली, मऊ भात, मुगाचं कढण, गव्हाची गोड हुग्गीसुद्धा करून बघितली. सगळं भिंतीकडं बघून नाकारलेलं. खरं सांगते, मला रागच यायचा. पातेलं घासताना मी ते आपटायचे. मग आजारी माणसावर रागावतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटायची आणि पातेलं दुसऱ्यांदा आपटायचे.

मामांची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हे ते पलंगाशेजारीच उभं राहून म्हणाले. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी बघितलं, भाऊजींनीही बघितलं.

तेव्हा भाऊजी कामाला लागले. त्यांचं म्हणणं असं, की आठ खुणांत सगळं जग सांगता येतं, तर अप्पांना, म्हणजे मामांना, दोन खुणा बास झाल्या. चमच्यानं ताटलीवर टिचकी मारायची आणि थांबायचं. आधी ओळ मोजायची, मग ओळीतलं अक्षर मोजायचं, की शब्द तयार. इथवर ठीक होतं. पण आमचे भाऊजी साधं काही करतील तर शपथ. वर्णमाला तशीच ठेवली तर टिचक्या फार पडतात म्हणून त्यांनी अक्षरांची जागाच बदलली. वरचेवर लागणारी अक्षरं वर, क्वचित लागणारी खाली. 'क'च्या पुढं 'त', 'त'च्या पुढं 'न', आणि 'ञ' पार तळाला एकटा. एवढा मोठा पुठ्ठ्याचा तक्ता रंगवून पलंगासमोर टांगला. "बघा वैनी, एकबी टिचकी फुकट जात न्हाई," असं म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मामांनी तक्त्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. कपाळावर घाम आला. मग डाव्या हातातला चमचा त्यांनी असा ताटलीत आपटला की तो उडून पलंगाखाली गेला, आणि कण्या चादरभर.

माझा तोल सुटला. "त्यास्नी शब्द घावंनात, आणि तुम्ही अक्षरं हुडकाय लावताय? तीबी उलटीपालटी करून? परवा नळी घालणार हाईत! ह्यो काय तुमचा खेळ हाय व्हय?"

भाऊजी उठले. तक्ता उतरवला, भिंतीशी उलटा करून ठेवला. पलंगाखालचा चमचा काढला. मग मामांच्या गळ्याशी बांधलेला टॉवेल सोडून ते त्यांचा डावा हात पुसायला बसले. मान खाली. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला आपण जास्त बोललो असं वाटायला लागलं.

तेवढ्यात मामांनी तो टॉवेल ओढला, आपल्या आणि लेकाच्या हातावर पांघरला, आणि खाली त्यांचा हात हलला.

मामांच्या तरुणपणी त्यांच्या बाजारात मिरचीचे सौदे मोठ्यानं बोलून होत नसत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं धरायचे. जितकी बोटं तितका भाव. तळहाताला अंगठा टोचला की परवडत नाही, मूठ मिटली की सौदा ठरला. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. भाऊजी लहानपणी पोत्यावर बसून शिंकत हे बघायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"दोन," भाऊजी पुटपुटले. "दोन बोटं धरल्यात."

मग त्यांनी चार धरली. मामांच्या कपाळाला आठी पडली. ही आठी मी दुकानात कितीदा बघितली होती. टॉवेल हिसकल्यासारखा झाला, पुन्हा दोन. भाऊजींनी तीन धरली. मामा थांबले, डावा डोळा बारीक केला आणि लेकाची मूठ मिटली.

"वैनी, तीन घास द्या."

"काय?"

"तीन. चौथा न्हाई."

मी पातेल्यातल्या उरलेल्या कण्या घेतल्या. तीन घासांना मामांनी आपणहून तोंड उघडलं. माझ्यानं राहवलं नाही, चौथा पुढं केला. ओठ मिटले. "न्हाय." झटका आल्यापासून त्यांच्या 'न्हाय'चा अर्थ मला पहिल्यांदाच नीट कळला.

आम्ही सगळे त्यांना प्रेमानं भरवत होतो, पण विचारत कुणीच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं, आणि फार लागलं.

दुपारी पाचावर सौदा ठरला, रविवारी सातावर गेला. सोमवारी डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या मधल्या खोलीत बाजार भरायचा. भाऊजी बारापासून सुरू करायचे, मामा दोनापासून. मामा मध्येच हात काढून भिंतीकडं तोंड करायचे, म्हणजे आम्ही समजायचं की गिऱ्हाईक चाललं, हाका मारा. माझ्या मालकांनीही एकदा हात घातला, पण दुकान उघडायची घाई, त्यांनी दोन बोलींत आटपायला बघितलं. मामांनी त्यांना अंगठा असा टोचला की ते पुन्हा वाटेला गेले नाहीत. भाऊजींना मात्र घाई नसायची. किती बोटं यापेक्षा ती किती दाबली, किती वेळ धरली, सोडताना ओढली का ढकलली, हे सगळं ते डोळे मिटून वाचायचे. बापलेक आयुष्यात बोलले नव्हते तितके त्या टॉवेलाखाली बोलले.

अर्थात भाऊजी ते भाऊजीच. त्यांनी यावरूनही एक भाषा बनवायला घेतली. नाव 'टॉवेल'. तिच्यात कॉम्प्युटरकडं काही मागितलं की तो थोडंच देतो, मग घासाघीस करायची. पहिल्या बोलीला कुणी हो म्हणायचं नाही, म्हटलं की प्रोग्रॅम तिथंच बंद. फिनलंडचा कुणी एक माणूस तिच्यावर भलताच खूश झाला म्हणे. मी म्हटलं, त्याला जेवायला बोलवा.

दिवाळीनंतर कारखान्यानं भाऊजींना नवं मशिन शिकायला चेन्नईला पाठवलं. आठवड्याचं काम. जाण्याच्या आदल्या दिवशी ते टॉवेल घेऊन माझ्यासमोर बसले. "वैनी, तुमीच करा आता."

मी मागं सरले. सासऱ्याचा हात हातात धरायचा? लग्न झाल्यापासून मी मामांच्या पायांना हात लावला होता, हाताला कधी नाही. आजारातसुद्धा अंग पुसणं, कपडे बदलणं हे दोघं भाऊ करायचे, मी चमच्यापुरती. भाऊजी म्हणाले, "अप्पांचं पोट ह्या हातातनं भरतंय. लाजू नका." आणि मला बोटं धरायला शिकवलं, पाचाला अख्खा पंजा, वरची बोटं वेगळी. बजावून सांगितलं, मनात आठ असले तर बारा धरा, मगच आठावर येतील.

ते गेले त्या दिवशी सकाळी मी चमचाच पुढं केला. न्हाय. दुपारी पुन्हा चमचा, पुन्हा न्हाय. संध्याकाळी मी हात धुतले, कोरडे केले, पदर खोचला आणि पलंगाजवळ बसले. टॉवेल पांघरला. मामा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा हात वाळलेल्या मिरचीसारखा हलका झाला होता. बारा कसे धरायचे तेच मी विसरले. मनात होतं तेच निघालं. आधी त्यांचा पंजा धरला, मग तीन बोटं. आठ.

मामांनी अंगठा टोचला नाही, डोळाही बारीक केला नाही. माझी मूठ मिटली आणि वर आपला हात ठेवून ती तशीच धरून ठेवली. मला रडू फुटलं. मी तशीच रडत रडत भाकरी कुस्करली, आणि त्यांनी आठही घास खाल्ले.

जेवणं उरकल्यावर चेन्नईहून फोन आला. "कितीला ठरलं, वैनी?"

"आठ."

"तुमी कितीनं सुरू केलं?"

"आठानंच."

मग म्हणाले, "घासाघीस न्हाई?"

"न्हाई."

"मला आजवर एकदाबी पयल्या बोलीला दिलं न्हाई त्येंनी." आवाज रुसलेला होता, आणि भरूनही आलेला होता. पुढं म्हणाले, "मग आता भाषेत हेबी घालाय पायजे. एखाद्याची पयलीच बोली मान्य. पर वैनी, त्यानं भाषा सोपी हुईल की."

"होऊ द्या की," मी म्हटलं.